तुमचा बेसवाला बरोबर बोलतोय

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक पुण्यात नोकरी करतात, वय पस्तिशीच्या पुढे. शाळेत असताना तबल्याच्या परीक्षा दिल्या, नंतर गणपतीत पथकात ताशा वाजवला, कॉलेजपासून ड्रम्स. मित्रांचा बँड आहे, शनिवार-रविवारी जॅमरूम भाड्याने घेऊन वाजवतात. अडीच महिन्यांनी गोव्यात एका शॅकवर कार्यक्रम मिळालाय आणि मालकाची अट आहे की अर्धा तास रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, हवं. यांनी व्हिडिओ पाहून ‘वन ड्रॉप’ हा रेगेचा ठेका शिकून घेतला. क्लिकवर, म्हणजे कानातल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, एक केसही हलत नाही, चार-चार बारनंतर (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) छोटा रोल आणि क्रॅश, म्हणजे मोठ्या झांजेचा दणकाही चोख पडतो. तरी बेस वाजवणारा मित्र म्हणतो, “हे रेगे नाही, हे हळू केलेलं रॉक आहे.” आता प्रश्न तीन: चांगला, उंच आवाजाचा नवा स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला छोटा ड्रम, घ्यावा का? परदेशातल्या कुणाचा महागडा ऑनलाइन कोर्स करावा का? की ‘हे आपल्या रक्तातच नाही’ असं समजून मालकाला नाही म्हणून कळवावं?

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिले दोन खिशाचे आहेत, हा मनाला लागलेला दिसतो.

1985 साली जमैकात वेन स्मिथचं ‘अंडर मी स्लेंग टेंग’ आलं. निर्माता किंग जॅमी. जमैकन संगीताचं अख्खं डिजिटल पर्व या गाण्याने सुरू झालं असं मानतात. त्याखालचा रिदम आला कुठून? कॅसिओच्या एमटी-40 या छोट्याशा कीबोर्डमध्ये कंपनीनेच भरून दिलेल्या ‘रॉक’ नावाच्या बटणातून. तो तयार केला होता ओकुदा हिरोको या जपानी तरुणीने. ती कॅसिओत नोकरीला होती, आणि संगीताच्या कॉलेजात तिने प्रबंध लिहिला होता तो रेगेवर. किंग्स्टनच्या पोरांनी तो रिदम हळू केला आणि त्यावर गाणं बसवलं. म्हणजे एका अर्थी हळू केलेलं रॉकच. हे तुमच्या बेसवाल्याला सांगू नका, कारण तुमच्या बाबतीत त्याचं म्हणणं खरं आहे आणि त्याला वाद घालायला नवं कारण द्यायचं नाही.

त्याआधीची गोष्टही अशीच मिसळलेली. अमेरिकेतून रेडिओवर ऐकू येणारं रिदम अँड ब्लूज आणि घरचं लोकसंगीत मेंटो यांतून 1960 च्या आसपास रेगेचा पूर्वज स्का तयार झाला. स्कॅटलाइट्सचा ड्रमर लॉइड निब याने काउंट ऑसी या ढोलवादकाच्या रास्ताफारी (जमैकातला एक धार्मिक पंथ) ढोलांमधले ठेके उचलून ड्रम किटवर आणले. ही न्याबिंगी परंपरा तीन ढोलांची: मोठा बेस, काळजाच्या ठोक्यासारखा अखंड चालणारा फुंडे आणि वर बोलणारा रिपीटर. किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमध्ये गरीब घरची मुलं नन्सच्या देखरेखीखाली बँडची वाद्यं शिकली. स्कॅटलाइट्समधले कित्येक तिथले, ड्रमर लिरॉय ‘हॉर्समाउथ’ वॉलेसही तिथलाच. शाळेत बसून, शेजारच्याचं ऐकून, रेकॉर्डवरून चोरून ते शिकले. रक्ताचा मुद्दा इथेच सोडून देऊ. मालकाला नाही कळवू नका.

तुमच्या पत्रात ‘अस्सल’ हा शब्द मात्र चार वेळा आलाय आणि दर वेळी एकवचनात. अस्सल ग्रूव्ह म्हणून एकच एक वस्तू असेल आणि ती कुणीतरी तुम्हाला दाखवत नाहीये, असं काहीसं. प्रत्यक्षात ती माणसामाणसाची वेगळी आहे. बॉब मार्लीच्या वेलर्सचा ड्रमर कार्लटन बॅरेट ऐका, 1973-74 च्या ‘बर्निन’ आणि ‘नॅटी ड्रेड’ या अल्बमांवर. 1987 साली किंग्स्टनमध्ये त्याचा खून झाला तेव्हा तो 36 वर्षांचा होता. तेवढ्या आयुष्यात त्याने जे वाजवलं त्यावर जगभरचे ड्रमर अजून शिकतात. त्याचा वन ड्रॉप आणि हाय-हॅटवरची (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवरची) ती तिश्र अंगाची, म्हणजे मात्रेचे तीन तुकडे करणारी कुजबुज एकदा कानात बसली की दुसऱ्या कुणाशी गल्लत होत नाही. मग चॅनल वन स्टुडिओतला स्लाय डनबार. त्याने 1970 च्या दशकाच्या मध्यावर किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) एकवर, म्हणजे पहिल्या मात्रेवरही आणली आणि चाल सरळ, लष्करी केली. त्याला रॉकर्स म्हणतात, ‘माइटी डायमंड्स’च्या 1976 च्या ‘राइट टाइम’वर ती ऐकू येते. चारही मात्रांवर किक पडली की स्टेपर्स. कार्लटन ‘सँटा’ डेव्हिसने निर्माता बनी ली याच्यासाठी 1974 च्या सुमारास हाय-हॅट गिटारच्या ठोक्याबरोबर उघडायला सुरुवात केली, ‘त्स्स’ असा आवाज. ती झाली ‘फ्लाइंग सिंबल्स’, आणि तीसुद्धा फिलाडेल्फियाच्या सोल रेकॉर्डांवरून आलेली. या तिघांपैकी खोटा कोण?

म्हणून ‘अस्सल रेगे कसं वाजवू’ हा प्रश्न जरा लहान करा. कुठल्या माणसासारखं, कुठल्या गाण्यात, हे आधी ठरवा. गोव्यासाठी मी तुम्हाला बॅरेटच सुचवेन. तुमच्या गायकाला येणारी गाणी त्याच काळातली असणार, आणि वन ड्रॉप बसला की रॉकर्सकडे जाणं सोपं जातं. उलट्या दिशेने मात्र अवघड जातं, कारण मोकळी जागा एकदा भरायची सवय लागली की सुटत नाही.

आता दुखणं कुठे आहे ते. मी तुम्हाला ऐकलेलं नाही, पण पत्रातली दोन वाक्यं पुरेशी आहेत. ‘क्लिकवर एक केस हलत नाही’ आणि ‘चार-चार बारनंतर रोल आणि क्रॅश’.

दुसऱ्यापासून घेऊ. आपली जडणघडण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची आहे. तबला असो, ताशा असो, तिहाई घ्यायची आणि समेवर आदळायचं, की समोरचा ‘वा’ म्हणतो. रॉकनेही तुम्हाला तेच शिकवलं: रोल, आणि एकवर किक-क्रॅश. वन ड्रॉपमध्ये नेमकी ती एकची मात्रा रिकामी असते. तुम्ही चार-चार बारनंतर तिथे जाऊन दणका देता, म्हणजे बाकी तीन बारमध्ये जे जपलं ते चौथ्यानंतर उधळता. बेसवाला वैतागतो तो याच जागी. त्याला ‘क्रॅश नको’ असं नेमकं सांगता आलेलं नाही एवढंच.

तुमच्याकडे यावर घरचाच उपाय आहे. रूपक आठवा. ‘ती ती ना, धी ना, धी ना’. सात मात्रांचा हा ताल खालीने सुरू होतो. पहिल्या मात्रेवर डग्गा बोलतच नाही, त्याचा घुमारा येतो चौथ्या मात्रेवर. सम कुठे आहे हे गाणाऱ्याला, ऐकणाऱ्याला, सगळ्यांना माहीत असतं, फक्त ती ठोकून सांगितली जात नाही. वन ड्रॉप सात मात्रांचा नाही, रूपक वाजवून रेगे होणार नाही, पण डग्गा आवरून सम दाखवायची ती सवय तुमच्या हातात लहानपणापासून आहे. किक ड्रमला डग्गा समजा. आठवडाभर ड्रम्सला हात न लावता तबल्यावर रूपक वाजवलंत तरी चालेल, मी हे गमतीने म्हणत नाहीये.

मोजणीचं एकदा बँडमध्ये बसून ठरवून टाका, कारण निम्मी भांडणं इथे होतात. एक-दोन-तीन-चार असं मोजा, मिनिटाला 140 च्या आसपास. गिटारचा तुटक ‘चक’ दोनवर आणि चारवर. किक आणि क्रॉस-स्टिक (स्नेअरच्या कडेवर आडव्या स्टिकचा ठोका) दोन्ही एकदम, तीनवर. एकवर दोघेही गप्प. काही लोक हेच 70 च्या लयीत मोजतात. मग तुमचा तीन त्यांचा दोन किंवा चार होतो आणि गिटार दोन मात्रांच्या मधोमध पडते. दोन्ही मोजण्या बरोबर आहेत, पण एकाच जॅमरूममध्ये दोन्ही नकोत.

क्लिकवरून हललो नाही याचा तुम्हाला अभिमान आहे. असू द्या, ताशातून आलेल्या माणसाला तो शोभतो. पण क्लिक फक्त मात्रा सांगते. दोन मात्रांच्या मध्ये काय व्हायला हवं याबद्दल तिचं काही मत नसतं, आणि या संगीताचा डौल तिथेच आहे. तुम्ही हाय-हॅटवर मात्रेचे दोन सारखे तुकडे करत असणार, दोन्ही एकाच जोराने. तसं करू नका. पहिला तुकडा किंचित लांब, दुसरा किंचित आखूड. पूर्ण तिश्र केलंत तर ब्लूजचा शफल होईल, अगदी सरळ ठेवलंत तर पुन्हा रॉक. दोघांच्या मध्ये कुठेतरी, केरव्याला दादऱ्याची झाक आली की जसं होतं तसं. ती झाक किती हे गाण्यागणिक बदलतं, आणि म्हणूनच ते लिहून दाखवता येत नाही. ‘पाच मिनिटांत रेगे’ शिकवणारे व्हिडिओ याच ठिकाणी आटोपतात आणि मग स्टिकची जाहिरात सुरू होते.

करायचं काय, तर एकच गाणं घ्या. बॅरेटचं, मध्यम लयीचं. किक नाही, स्नेअर नाही. हेडफोन लावा आणि फक्त उजव्या हाताने हाय-हॅट वाजवा, घरात असाल तर मांडीवर उशी घेऊन. रेकॉर्डवरच्या हाय-हॅटमध्ये तुमचा आवाज विरघळून दिसेनासा झाला पाहिजे. कुठली टिचकी जोरात आहे, कुठली जेमतेम आहे, कुठे तो मध्येच बारीक तिश्र काढतो, ते हाताला कळू द्या. याला दिवस लागतील आणि कंटाळा येईल. या कंटाळ्याची सवय करून घ्या. जमैकात एकाच रिडिमवर, म्हणजे त्याच बेस-ड्रम्सच्या बैठकीवर, पुढे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या गायकांची गाणी निघतात. तेच ते वाजत राहण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, तुम्हाला वाटत असावा, म्हणून चौथ्या बारला हात शिवशिवतात.

रोल सोडून द्या असं नाही म्हणत. पुष्कळ रेगे गाणी ड्रमच्या एका छोट्या तुकड्यानेच सुरू होतात. तो तुकडा म्हणजे बाकीच्यांना दिलेली हाक असते. तसा एक पाठ करा आणि सुरुवातीला वाजवा. मधले रोल गायकाचा श्वास जिथे पडतो तिथेच. क्रॅश वाटलाच तर तीनवर, किकच्या बरोबर.

आता स्नेअर. नवा घेऊ नका. रेगेचा स्नेअर चढा, टिंबाल्स या लॅटिन ड्रमांसारखा टणत्कार करणारा असतो हे तुम्ही बरोबर ओळखलंय. पण आहे त्याच स्नेअरवर नवी हेड चढवा आणि चावीने ताणा. समोरासमोरचे स्क्रू आलटून-पालटून, सारखे, तबल्याचा गजरा ठोकताना करता तसंच. रोलच्या वेळी खालच्या तारा ढिल्या करून पाहा, टिंबाल्सचा भास होतो. किक मात्र उलट हवी: खोल, मऊ, आत घोंगडी किंवा उशी घालून घुमारा मारलेली.

आणि क्रॉस-स्टिक. बहुतेकांची इथे फसगत होते, म्हणून जरा सविस्तर. स्टिक उलटी धरा, जाड टोक रिमकडे. टोकाची बाजू आणि तळवा कातडीवर टेकलेले, आणि फक्त जाड बाजू उचलून रिमवर टाकायची. आता स्टिक बोटाच्या पेराएवढी पुढे-मागे सरकवत वाजवून पाहा. बहुतेक जागी टिक-टिक असा पातळ आवाज येईल. एका जागी मात्र ‘खट्’ असा भरीव, लाकडी आवाज येतो. तिथे स्टिकवर पेनने रेघ मारून ठेवा. मग किकबरोबर जुळवा. दोन्हींच्या मध्ये फट पडली की ‘ठ-खट्’ ऐकू येतं आणि सगळा ड्रॉप पोकळ होतो. फोनवर रेकॉर्ड करून फक्त हेच ऐका. तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा फट जास्त निघेल. रॉकमध्ये स्नेअर आणि किक एकत्र क्वचितच पडतात, त्यामुळे पाय आणि डावा हात यांनी एका क्षणी बोलायची सवयच राहिलेली नसते.

पैसे खर्चच करायचे असतील तर बरे हेडफोन घ्या, खालचा आवाज नीट देणारे. पत्रात लिहिलंयत की गाणी ऑफिसला जाताना फोनवर ऐकता. फोनच्या स्पीकरवर बेस नसतो, आणि बेस नसेल तर तुम्ही अजून रेगे ऐकलेलंच नाही. जमैकात हे संगीत रस्त्यावर रचलेल्या भल्यामोठ्या साउंड सिस्टिमसाठी घडलं. तिथे बेस छातीत ऐकू येतो आणि गायक बिचारा वर कुठेतरी असतो. बॅरेट जे मोकळं सोडतो ते त्याचा सख्खा भाऊ ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट बेसवर भरत असतो. स्लायचं रॉबी शेक्सपिअरशी तेच नातं. ड्रम्स एकटे काढून शिकलात तर सांगाडा हाती येईल.

म्हणून कोर्सच्या आधी बेसवाला. गायक, गिटार, कीबोर्ड कुणालाही न बोलावता जॅमरूमचे दोन तास दोघांनीच घ्या. एक बेसलाइन, एक ठेका, वीस मिनिटं, काहीही न बदलता. तो एकवर वाजवतो की तोही ती सोडतो, त्याचे स्वर लांब आहेत की तुटक, कुठे थांबतो, हे तुम्हाला न बघता सांगता यायला हवं. त्याने टोमणा मारलाय म्हणून तुम्ही दुखावलात हे पत्रातून दिसतं. पण नेमकं काय खटकतं हे त्याला तुम्ही अजून विचारलेलंही नाही. विचारा. त्याला ‘आता बसलं’ असं वाटेल त्या क्षणी हात वर करायला सांगा, आणि तेव्हा तुम्ही काय करत होतात ते रेकॉर्डिंगमधून शोधा. मला या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त भरवसा आहे.

कोर्स त्यानंतर, गरज वाटली तर. निवडताना एवढंच पाहा की शिकवणारा तुमचं रेकॉर्डिंग ऐकून त्यावर बोलतो का. नुसते भरून ठेवलेले पाठ असतील तर तुमच्याकडचे व्हिडिओ काही वाईट नाहीत.

सोसायटीत शेजारी कटकट करतात असंही ओझरतं लिहिलंय. त्याचा फार बाऊ करू नका. हाय-हॅट उशीवर होतो, क्रॉस-स्टिक रबरी पॅडच्या कडेवर होते, किक अनवाणी पायाने चटईवर. रात्री दहाला गच्च वाजवावं असं यात काहीच नाही.

गोव्याच्या अर्ध्या तासाबद्दल. गोव्यात रेगे ओळखणारे कान आहेत. 2016 पासून तिथे गोवा सनस्प्लॅश हा रेगेचाच महोत्सव सुरू झालाय. तेव्हा आठ गाणी घाईने उरकण्यापेक्षा चार घ्या आणि लांबवा. लांबवायचं कसं हे साउंड इंजिनियर किंग टबीने 1970 च्या दशकात डब या रीमिक्सच्या प्रकारात दाखवून ठेवलंय: एकेक वाद्य काढून घ्यायचं. गाणं अर्ध्यावर आलं की गिटार थांबू दे, मग कीबोर्ड, आणि फक्त बेस आणि तुम्ही उरा. तिथे काही जादा करायचा मोह होईल, तो टाळा. मग गिटार परत येऊ दे. नाचणाऱ्यांच्या पायांत काय फरक पडतो ते तुम्हाला स्टूलवरून दिसेल.

लय मात्र आधी ठरवून न्या. स्टेजवर अंगात येतं आणि 140 चे 155 कधी होतात कळत नाही, म्हणून प्रत्येक गाण्याच्या आधी फोनवर चार मात्रा ऐकून मगच सुरुवातीचा तुकडा वाजवा. गिटारवाल्याला डिस्टॉर्शन बंद ठेवायला सांगा आणि ‘चक’ झाल्याबरोबर तारा दाबायला सांगा. गाण्यांचे शेवट जॅमरूममध्येच पक्के करा. रेकॉर्डवर ही गाणी बहुतेक हळूहळू विरत जातात, स्टेजवर ते जमत नाही, आणि मग रॉकवाले बँड शेवटी सगळ्या झांजांवर झड लावतात. तुम्ही बेसवाल्याच्या मानेच्या खुणेवर सगळ्यांनी मिळून तीनवर थांबायचं ठरवा.